दूर हलणारा पाळणा

जानेवारीचा पहिला आठवडा होता. सकाळचे रुग्ण आटोपत आले असताना एक काकू आत आल्या आणि बसण्याआधीच त्यांनी बर्फीचा पुडा टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, दुसऱ्यांदा आजी झाले. लेकीला मुलगी झाली. बर्फी द्यायला फार उशीर झाला, बाळ आता सात आठवड्यांचं आहे."

मी अभिनंदन केले. काकूंनी मान हलवली आणि त्याच दमात म्हणाल्या, "आणि आता मला झोपेची गोळी लिहून द्या."

आनंदाची वार्ता आणि झोपेच्या गोळीची मागणी अशी एकाच श्वासात आली, की डॉक्टरने लेखणी बाजूला ठेवावी. मी रक्तदाब मोजला. १६८/९६ भरला. ज्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे एका गोळीवर १३०/८० च्या आसपास राहिला होता, त्यांचा हा आकडा. दहा मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक पडला नाही.

आमच्या सांगलीत आज असे घर विरळाच, ज्यातले कोणी पुण्याच्या किंवा समुद्राच्या पलीकडे नाही. त्यामुळे या काकूंची हकीकत अनेक घरांची आहे. त्यांच्या व काकांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने ती येथे सांगतो. तिच्यात माझीही एक चूक आहे. तीही सांगणे भाग आहे.

काकू निवृत्त शिक्षिका, वय ६९. काका ७४ वर्षांचे. एकुलती एक मुलगी कॅलिफोर्नियात असते. नऊ वर्षांपूर्वी पहिला नातू झाला, तेव्हा दोघेही सहा महिने तिकडे राहून आले होते. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा शेक, बाळाचे न्हाऊमाखू, पाळण्यातले नाव, सारे काकूंच्या हातचे. या वेळी मात्र जाता आले नाही. गेल्या ऑगस्टमध्ये काकांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. हृदयाची ताकद कमी झाली असल्याने हृदयरोगतज्ज्ञांनी लांबच्या प्रवासाला तूर्त नकार दिला. काकांना एकटे सोडून काकू जाणे शक्य नव्हते. जावयांच्या मातोश्री हयात नाहीत. सुटी संपल्यावर जावई कामावर रुजू झाले आणि दुपारची चार तास येणारी एक मदतनीस सोडली, तर बाळंतीण घरात एकटी.

"झोप का लागत नाही?" मी विचारले.

"लागत नाही असं नाही, मीच जागते. तिकडे दुपारी बारा वाजता बाळाला न्हाऊ घालतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड. व्हिडिओवर तेवढं तरी बघायला मिळतं. मग मन उडतं, पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. सकाळी उठायला नऊ वाजतात, गोळी कधी घेतली, कधी राहिली, लक्षात राहत नाही."

रक्तदाबाचे कारण येथपर्यंत उलगडले होते. रात्र तुटली की दिवस तुटतो, दिवस तुटला की गोळ्यांचे वेळापत्रक विस्कटते. तुटक झोपेने रक्तदाब मुळातच वाढतो. वर औषध चुकले, तर १६८ होण्यास वेळ लागत नाही. झोपेच्या गोळीने यातले काहीच सुटले नसते. उलट साठी उलटलेल्या माणसाला ती गोळी रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडण्यास कारण ठरू शकते. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगायला नको.

पण काकूंचे सांगणे संपलेले नव्हते. जाता जाता दाराशी थबकून त्या म्हणाल्या, "लेक आजकाल बोलत नाही हो. न्हाऊ घालताना फोन उभा करून ठेवते, पण बोलत नाही."

आजारपण लपवण्याचा आजार

आता माझी चूक. ऑगस्टमध्ये काकांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मुलीला सहावा महिना लागत होता. काकू मला म्हणाल्या होत्या, "तिला काही कळवायचं नाही, डॉक्टर. पोटुशी आहे, धसका घेईल." मी मान डोलावली. सप्टेंबरात मुलीचा मला फोन आला. "काका, बाबा फोनवर दमल्यासारखे वाटतात. सगळं ठीक आहे ना?" मी म्हणालो, "अगदी ठीक आहेत, काळजी करू नकोस."

रुग्णाची गोष्ट त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला सांगू नये, हा आमच्या व्यवसायाचा धर्म आहे. पण खोटे सांगावे, असा कोणताही धर्म नाही. "हे तू बाबांनाच विचार, आणि नीट विचार," एवढे म्हणता आले असते. मी ते म्हटले नाही.

त्या खोट्याने काय केले, ते जानेवारीत कळले. काकूंनी न येण्याचे कारण म्हणून मुलीला काकांचा गुडघा सांगितला होता. मुलीने मनाशी हिशेब मांडला. पहिल्या खेपेला आई सहा महिने राहिली, आणि दुसऱ्या खेपेला बाबांच्या गुडघ्यासाठी येत नाही. म्हणजे या बाळाचे आईला अप्रूप नाही. ती रुसली नाही, भांडली नाही, फक्त बोलेनाशी झाली. आणि तिनेही इकडे काही लपवले होते. बाळंतपणानंतर ती रोज रडत होती. बाळ निजले तरी तिला झोप येत नव्हती. आपण आई व्हायला नालायक आहोत, असे तिला वाटत होते. आईबाबांना कशाला काळजी, म्हणून तिनेही हे कोणाला सांगितले नव्हते.

दोन्ही घरे एकमेकांना जपत होती आणि त्या जपण्यानेच दोन्ही घरे आजारी पडली होती.

मी काका-काकूंना त्याच संध्याकाळी दोघांना मिळून बोलावले आणि सरळ सांगितले, "मुलीला सगळं सांगा. काकांच्या तोंडून सांगा, आणि आज ते बरे आहेत हे दाखवत सांगा." काकू तयार नव्हत्या. काकाच शेवटी म्हणाले, "उद्या मला काही झालं, तर तिला दोन्ही एकदम कळेल. ते बरं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन केला. मुलगी आधी संतापली, मग खूप रडली, आणि मग तिने आपले सांगितले.

येथे वाचकांनी एक वैद्यकीय गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, मन हळवे होणे हे फार स्त्रियांना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही रडणे, निरुत्साह, बाळ झोपलेले असतानाही झोप न येणे, स्वतःला दोष देणे चालू राहिले, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते. तो आजार आहे, स्वभाव नव्हे. त्यावर उपचार आहेत, आणि बहुतेक वेळा अंगावर पाजणे चालू ठेवून ते करता येतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मात्र एक दिवसही थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. दूर असलेल्या आईला हे डोळ्यांनी दिसत नाही, पण आवाजात कळते. काकूंना ते कळलेच होते. कमी होता तो फक्त विचारण्याचा धीर. "बाळ कसं आहे?" याच्या आधी "तू कशी आहेस, काल किती झोपलीस?" हे विचारावे. काकूंच्या मुलीने त्याच आठवड्यात आपल्या प्रसूतितज्ज्ञांची भेट घेतली व उपचार सुरू झाले.

घड्याळ सांभाळणे

कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेबारा तास. न्यूयॉर्कशी हे अंतर हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे. जर्मनी साडेचार किंवा साडेतीन तास मागे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न मात्र आपल्या पुढे. हे गणित एकदा कागदावर मांडून भिंतीवर लावावे आणि दोन्हीकडे दिवस असेल अशी वेळ ठरवावी.

आम्ही काकूंसाठी सकाळी ८ ही वेळ काढली. तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. बाळाच्या अंघोळीचे चित्रण मुलगी करून ठेवते व काकू ते सकाळी चहाबरोबर पाहतात. रात्री दहानंतर फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, उशाशी नाही. तातडीच्या प्रसंगासाठी मुलीने घरच्या लँडलाइनवर फोन करावा, असे ठरले. गोळी सकाळच्या फोनच्या आधी घ्यायची, फोन विसरला जात नाही म्हणून गोळीही विसरली जात नाही.

लांबून काय करता येते

काकूंचे खरे दुःख निराळे होते. "पहिल्याला सगळं केलं, हिला माझ्या हातचं काहीच नाही." हे दुःख खरे आहे आणि ते औषधाने जाणारे नाही, जाण्याची गरजही नाही. मात्र महिनोन्‌महिने भूक, झोप, देवपूजा, शेजारपाजार यांतले मनच उडाले, तर ते दुःख राहिलेले नाही, नैराश्य झाले आहे. तेव्हा डॉक्टरांकडे जावे. मनाच्या त्रासासाठी 'टेली मानस' ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर.

मी काकूंना विचारले, "या घरात सध्या सगळ्यांत दुर्लक्षित कोण आहे?" त्या विचारात पडल्या. उत्तर होते, नऊ वर्षांचा नातू. आई बाळात आणि स्वतःच्या आजारात, वडील कामात. तो चिडचिडा झाला होता, शाळेतून तक्रार आली होती. सात आठवड्यांच्या बाळाला आजी फोनवर दिसत नाही. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचेच काय ते स्पष्ट दिसते. बाळाने पडद्याकडे पाहिले नाही, म्हणून खंत करण्याचे कारण नाही. आवाज तेवढा कानावर पडत राहावा. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र आजी-आजोबा पूर्ण दिसतात, ऐकू येतात, हवेही असतात.

म्हणून असे ठरले की, रोज सकाळी ८ ते ८.४५ नातवाला आजी-आजोबांनी सांभाळायचे, फोनवरून. काका त्याला बुद्धिबळ शिकवतात, कृष्णेच्या पुराच्या आठवणी सांगतात. काकू मराठी वाचून घेतात. तेवढा वेळ जावई बाळाला घेतात आणि मुलगी दार लावून झोपते. पाऊण तासाची सलग झोप बाळंतिणीला कोणत्याही लाडवाहून कमी पौष्टिक नाही. काकूंना जे वाटत होते की आपल्या हातून काहीच होत नाही, ते आता खरे राहिलेले नाही.

लहान बाळांना पडद्यापासून दूर ठेवावे असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते योग्यच आहे. पण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दीड वर्षाखालील बाळांसाठी हा नियम सांगताना आप्तांशी होणाऱ्या व्हिडिओ संभाषणाला अपवाद केले आहे. पडद्यावरची आजी हाकेला ओ देते, कार्टून देत नाही, हा तो फरक.

गोधडी आणि सल्ला

काकूंनी आपल्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी शिवून पाठवली होती, सोबत मोहरीची उशी, काजळाची डबी आणि गुटीचे साहित्य. मुलीने त्यातले काहीच वापरले नव्हते. काकूंना ते लागले होते. येथे मला मुलीची बाजू घ्यावी लागली.

आपण मुले वाढवली तेव्हाचे काही सल्ले आज बदलले आहेत, त्यांची कारणे ठाऊक असावीत. बाळाला झोपवताना पाठीवरच झोपवावे, पहिल्या वर्षात त्याच्या बिछान्यात उशी, गोधडी, मऊ खेळणी ठेवू नयेत, कारण त्याने श्वास कोंडण्याचा धोका असतो. अमेरिकेत पाठीवर झोपवण्याचा आग्रह १९९२ पासून धरला जात आहे आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तेथे पुष्कळ घटली. एक वर्षापर्यंत मध चाटवू नये. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजांमुळे स्नायू लुळे करणारा बॉट्युलिझम हा गंभीर आजार बाळांना होऊ शकतो. काजळात शिसे आढळले आहे, ते डोळ्यांत घालू नये. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीदेखील नको, म्हणून गुटीही नको. हे नियम कॅलिफोर्नियासाठी आहेत तसेच सांगलीसाठीही आहेत.

मग गोधडीचे काय? ती बाळ जागे असताना, कोणी समोर बसलेले असताना, जमिनीवर अंथरावी आणि बाळाला थोडा वेळ पोटावर खेळवावे. मान आणि खांदे त्याने बळकट होतात. हे ऐकल्यावर काकूंचा चेहरा प्रथमच निवळला. सल्ला देण्याची रीत म्हणून एवढेच सांगतो: "आमच्या वेळी असं करायचो, तुमचे डॉक्टर काय म्हणतात?" असे विचारले, तर लेक आणि सून दोघीही ऐकतात.

जाणे शक्य असेल तर

ज्यांना जाणे शक्य आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. हृदयाची शस्त्रक्रिया, झटका किंवा अँजिओप्लास्टी अलीकडे झाली असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी संमतीवाचून तिकीट काढू नये. डांग्या खोकल्याची प्रौढांसाठीची लस आणि फ्लूची लस बाळाला भेटण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. औषधे व इन्सुलिन हातातल्या सामानात ठेवावे. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. औषधांच्या चिठ्ठीवर व्यापारी नावांऐवजी मूळ औषधाची नावे लिहून घ्यावीत. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून उठून चालावे, घोटे हलवावेत, पाणी पीत राहावे. प्रवास विम्यात आधीचे आजार धरले आहेत का, ते वाचून पाहावे.

आणि जाता येणार नसेल, तर न जाण्याचा निर्णय अपराधासारखा वाहू नये. काकांना सोडून न जाणे हे काकूंचे योग्यच होते. चुकले ते एवढेच, की त्याचे खरे कारण सांगितले गेले नाही.

पहिल्या पानावरची ओळ

फेब्रुवारीच्या मध्यावर काकू पुन्हा आल्या. रक्तदाब १३४/८२. औषध वाढवावे लागले नव्हते. मुलीचे रडणे कमी झाले आहे, उपचार अजून काही महिने चालतील. काकूंनी फोनमधले छायाचित्र दाखवले. गोधडीवर पालथे पडलेले बाळ, मान जेमतेम वर उचललेली, आणि शेजारी पोटावर पडून तिच्याकडे पाहणारा नातू. गोधडीतला निळा तुकडा काकूंच्या शाळेतल्या पहिल्या पगाराच्या लुगड्याचा आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

या प्रसंगानंतर माझ्या दवाखान्यात मी एक बदल केला आहे. ज्या ज्येष्ठ रुग्णाची मुले परगावी वा परदेशी आहेत, त्याला मी विचारतो: तुमच्या प्रकृतीविषयी मुलांनी मला विचारले, तर खरे सांगू का? कोणाला सांगू? उत्तर केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली त्यांची सही घेतो. बहुतेक जण क्षणभर थांबतात. काकांनी मात्र चष्मा लावला, "मुलीला सर्व काही सांगावे" असे स्वतःच्या हाताने लिहिले आणि तारखेसह सही केली.

वाचकांना विनंती आहे की, येत्या पंधरवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जाल, तेव्हा ही एक ओळ लिहून घ्या. आणि ती लिहिण्यापूर्वी मुलांना एक फोन करा, दोन्हीकडे दिवस असेल अशा वेळी.